समोरचा इंजिन वापरतोय असा संशय आला तर: खेळाडू, पालक आणि आर्बिटर यांनी नेमकं काय करायचं

पटावरच्या बुद्धिबळात संगणकाची, म्हणजे उत्तम चाली सुचवणाऱ्या ‘इंजिन’ नावाच्या प्रोग्रामची, मदत घेणारे जे गाजलेले खेळाडू पकडले गेले, ते बहुतेक काहीतरी हाती लागल्यामुळे पकडले गेले. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीतल्या स्पर्धेत उमाकांत शर्मा याच्या टोपीत शिवलेलं ब्लूटूथ उपकरण मिळालं आणि भारतीय महासंघाने त्याच्यावर १० वर्षांची बंदी घातली. २०१० च्या खांती-मानसिस्क ऑलिम्पियाडमधलं फ्रेंच ग्रँडमास्टर सेबास्टियन फेलरचं प्रकरण फुटलं ते घरी संगणकासमोर बसलेल्या साथीदाराच्या फोनवरच्या एसएमएसमुळे. २०१५ च्या दुबई ओपनमध्ये जॉर्जियाच्या गायोझ निगालिद्झेचा फोन स्वच्छतागृहात लपवलेला सापडला, त्यात चालू डावाचीच स्थिती लावलेली होती. २०१९ मध्ये स्ट्रासबर्गला इगोर्स राउसिसचं बिंग असंच स्वच्छतागृहातल्या फोनमुळे फुटलं. निगालिद्झे आणि राउसिस, दोघांचाही ग्रँडमास्टर किताब गेला.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००७ च्या अखेरीस फ्रान्समधल्या वांदव्हरच्या स्पर्धेत हंगेरीची अ‍ॅना रुडॉल्फ जिंकत सुटली, तेव्हा तिच्या लिप बाममध्ये उपकरण असल्याचा आरोप झाला. तिची झडती झाली आणि लिप बाममधून लिप बामच निघालं. २०१५ च्या युरोपियन महिला अजिंक्यपद स्पर्धेत रोमानियाच्या मिहाएला सांदूने धडाकेबाज सुरुवात केल्यावर इतर खेळाडूंनी सह्यांची पत्रं दिली. शेवटी फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नीतिमत्ता आयोगाने कारवाई केली ती सह्या करणाऱ्यांवर.

म्हणजे निकालांचे किंवा इंजिनशी चाली किती जुळतात याचे आकडे फार तर कुठे पाहायचं ते सांगतात, पुरावा डोळ्यांनी आणि हातांनीच मिळवावा लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी नियम नीट समजून घ्या

इथे दोन वेगवेगळे गुन्हे आहेत आणि आपल्याकडच्या हॉलमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. पहिला गुन्हा म्हणजे उपकरण जवळ असणं. फिडेच्या नियमांतलं कलम ११.३ सांगतं की आर्बिटरने (स्पर्धेच्या पंचाने) खास परवानगी दिलेली नसेल, तर खेळाडूने स्पर्धास्थळी कोणतंही इलेक्ट्रॉनिक उपकरण बाळगायचं नाही. स्पर्धेच्या नियमांत सवलत असेल तर फोन पूर्ण बंद करून बॅगेत ठेवता येतो. ती बॅग आर्बिटर सांगेल तिथेच ठेवायची आणि परवानगीशिवाय तिला हात लावायचा नाही. खेळाडूच्या अंगावर फोन आढळला तर तो डाव हरतो. स्पर्धेच्या नियमांत सौम्य शिक्षा आधीच लिहिलेली असेल, एवढाच अपवाद. त्याने फोन वापरला की नाही हा प्रश्नच इथे येत नाही.

दुसरा गुन्हा म्हणजे प्रत्यक्ष फसवणूक, म्हणजे बाहेरून माहिती घेऊन खेळणं. तो सिद्ध करणं फार अवघड असतं, त्याची चौकशी वर जाते आणि शिक्षा वर्षांत मोजली जाते. शाळकरी मुलाच्या मागच्या खिशात विसरलेला फोन वाजला तर तो पहिला गुन्हा आहे. त्याला ‘चीटर’ म्हणून मोकळं होणं ही नियमांची अडाणी समज झाली.

आणखी एक कलम कामाला येतं, ते ११.२. आपली चाल असताना खेळाडूने आर्बिटरला न विचारता खेळण्याची जागा सोडायची नाही, आणि स्पर्धास्थळाबाहेर तर कधीच विचारल्याशिवाय जायचं नाही. स्वच्छतागृह, चहा-पाण्याची जागा, विश्रांतीची जागा हे सगळं स्पर्धास्थळात मोडतं. वाहनतळ मोडत नाही. ‘जरा आईला भेटून येतो’ हेही परवानगीशिवाय चालत नाही.

बोर्डवर बसलेले असताना

संशय आला की पहिली चूक होते ती चेहऱ्यावर दाखवण्याची. खेळाडू डाव सोडून समोरच्याला न्याहाळत बसतो, घड्याळ पळतं, आणि मग साध्या माणसाकडूनही हरायला होतं. म्हणून स्वतःला एकच काम द्या: वेळ लिहा.

स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) चालींबरोबर घड्याळातली वेळ लिहायला कलम ८.१ परवानगी देतं. प्रत्येक चालीनंतर दोघांची उरलेली मिनिटं लिहायची सवय लावा. ‘बाहेर गेला, संशयास्पद’ अशी टिपणं मात्र शीटवर लिहू नका, ती नियमबाह्य नोंद ठरू शकते. वेळेचा आकडा पुरतो. समोरचा १८ व्या, २२ व्या आणि २७ व्या चालीच्या आसपास उठून गेला हे तुम्ही नंतर सांगितलंत, तर शीटवरच्या वेळेशी आणि आर्बिटरच्या नोंदीशी ते ताडून पाहता येतं. नुसत्या ‘सारखा बाहेर जात होता’ या तक्रारीचं कोणी काही करू शकत नाही.

कोणत्या गोष्टींना वजन द्यायचं आणि कोणत्या सोडून द्यायच्या? उठून जाणं हा प्रकार एकटा काहीच सांगत नाही. चार तासांच्या डावात माणूस पाचदा उठतो, थंडीत सातदा. जुळणी दिसली तर मात्र ते महत्त्वाचं. पट शांत असताना तो बसून राहतो आणि गुंतागुंत झाली की उठतो. परत आल्यावर पटाकडे न पाहता मिनिटभरात अवघड चाल करतो. दरवेळी त्याच शौचालयात जातो. रिकामं दुसरं असतानाही त्याच्यासाठी थांबतो. वेळेचा उलटा वापरही पाहण्यासारखा असतो. समोरच्याने मोहरा मारल्यावर नुसतं परत मारायचं असतं तिथेही तीन मिनिटं, आणि जिथे भले भले अर्धा तास घालवतील तिथेही तीनच मिनिटं. माणसाचा विचार असा सपाट चालत नाही.

प्रेक्षकांकडेही लक्ष असू द्या. फेलरच्या प्रकरणात चाल कळवली जात होती ती संघाच्या प्रशिक्षकाकडून, तो कुठल्या टेबलामागे उभा राहतो त्यावरून. अंगावर उपकरण नव्हतंच, त्यामुळे झडतीत काही मिळालं नसतं. एकच माणूस पुन्हा पुन्हा त्याच बोर्डाजवळ येतो, बाहेर जातो, परत येऊन वेगळ्या बाजूला उभा राहतो, असं दिसलं तर ते आर्बिटरला सांगण्यासारखं आहे.

जे सोडून द्यायचं ते असं: डावानंतरच्या चर्चेत त्याला काही सांगता आलं नाही. बारा वर्षांच्या मुलाला आपली चांगली चालही शब्दांत मांडता येत नाही. मोठी माणसंही लाजतात, भाषेला अडतात, थकलेली असतात. हा ‘पुरावा’ सगळ्यात जास्त सांगितला जातो आणि सगळ्यात कमी कामाचा असतो. तसंच तो हसला, घाबरला, घामाघूम झाला, मान खाली घालून बसला, हे सगळं.

आर्बिटरला बोलवायचं असेल तर घड्याळ थांबवता येतं, कलम ६.११ तेवढ्यासाठीच आहे. शक्यतो स्वतःच्या चालीवेळी थांबवा, शांतपणे हात वर करा आणि बोर्डापासून दूर जाऊन बोला. वाक्य असं असू द्या: ‘बोर्ड २३ वरचा खेळाडू गेल्या चाळीस मिनिटांत चार वेळा बाहेर गेला, त्यातले दोन वेळा त्याची चाल असताना. कृपया लक्ष ठेवा.’ यात आरोप नाही, निरीक्षण आहे, आणि कलम ११.२ चा भंग आहे की नाही हे तपासणं आर्बिटरचं कामच आहे. समोरच्याला उद्देशून एक शब्दही बोलू नका. ‘मोबाईल काढ’ असं ओरडलात तर लक्ष विचलित केल्याबद्दल तुम्हालाच शिक्षा होऊ शकते.

पालकांना दोनच गोष्टी. हॉलच्या खिडकीतून फोन धरून आपल्या मुलाच्या डावाचे फोटो काढणं आधी बंद करा. आर्बिटरच्या परवानगीशिवाय स्पर्धास्थळी फोन वापरायला कोणालाच मुभा नाही, आणि उद्या संशयित म्हणून तुमच्याकडेच बोट दाखवलं जाईल. दुसरी, कोणाच्याही मागे स्वच्छतागृहात जाऊन चित्रीकरण करू नका. राउसिसच्या प्रकरणात तिथेच काढलेला फोटो गाजला म्हणून तो मार्ग अनुकरणीय ठरत नाही. समोर अल्पवयीन मुलगा किंवा मुलगी असेल तर बुद्धिबळ बाजूला राहील आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

आर्बिटरने संशय कसा तपासायचा

तक्रार आली की लगेच त्या खेळाडूकडे धावायचं नाही. उपकरण असेल तर ते लपवायला त्याला पाच मिनिटं मिळतील आणि नसेल तर एका निरपराध माणसाचा डाव बिघडेल.

सगळ्यात आधी एक सहायक आर्बिटर दाराशी बसवून ये-जा नोंदवा: बोर्ड क्रमांक, बाहेर जाण्याची वेळ, परत येण्याची वेळ, तेव्हा चाल कोणाची होती. सगळ्यांचीच नोंद करा, एकाची नको. तासाभरात चित्र बोलू लागतं आणि पुष्कळदा तक्रार तिथेच विरते, कारण तक्रारदार स्वतःच जास्त वेळा बाहेर गेलेला निघतो.

मग स्वच्छतागृह तपासा, आणि तेही खेळाडू आत नसताना. निगालिद्झेचा फोन कचऱ्याच्या डब्यामागे होता. डब्याच्या तळाशी, फ्लशच्या टाकीवर आणि आत, खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर, खोट्या छतात, वॉश-बेसिनखालच्या पाइपामागे, बादलीखाली पाहा. काही सापडलं तर उचलू नका. आधी दुसऱ्या आर्बिटरला बोलवा, आहे त्या जागी वेळेसह फोटो घ्या, मग पुढचं.

तिसरी पायरी झडतीची. कलम ११.३ नुसार आर्बिटर खेळाडूचे कपडे, बॅग, इतर वस्तू किंवा अंग तपासायला सांगू शकतो, पण एकांतात, आणि तपासणारी व्यक्ती त्याच लिंगाची हवी. आपल्याकडच्या स्पर्धांत इथेच घोळ होतो. मुलींच्या गटात महिला आर्बिटर नसते आणि मग आयोजकांच्या घरातल्या कोणालातरी पुढे केलं जातं. नियम अधिकृत केलेल्या व्यक्तीला परवानगी देतो, पण ती व्यक्ती कोण हे पहिल्या फेरीआधी लेखी ठरलेलं हवं. मूल अल्पवयीन असेल तर पालकाला किंवा प्रशिक्षकाला साक्षीला उभं करा; नियमात लिहिलेलं असो-नसो, शहाणपण त्यातच आहे.

हातातल्या मेटल डिटेक्टरचा उपयोग आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. पट्ट्याचं बकल, मंगळसूत्र, कडं, पैंजण, किल्ल्या, अंतर्वस्त्रांचे हूक, शस्त्रक्रियेत बसवलेला स्क्रू, सगळ्यांवर तो वाजतो. वाजला की खेळाडूला ती वस्तू स्वतः काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगा आणि पुन्हा फिरवा. बूट विसरू नका. बल्गेरियाच्या बोरिस्लाव इवानोव्हचं प्रकरण बुटांवर येऊन थांबलं होतं, बूट काढायला त्याने नकार दिला होता. कानात अगदी आत बसणारी बारीक इअरपीस डिटेक्टरला नेहमी सापडेलच असं नाही, ती विजेरीच्या उजेडात पाहावी लागते. कान तपासायला डॉक्टर लागत नाही, पण आत काहीही घालायचं नाही.

झडतीची वेळ महत्त्वाची. सगळ्यात चांगली वेळ डाव संपल्यावर लगेच, खेळाडू हॉलबाहेर पडण्याआधी. किंवा स्वच्छतागृहातून परत येताना दारातच. डाव मध्येच थांबवावा लागला तर दोन्ही घड्याळं थांबवा. एकट्याला बाजूला नेण्यापेक्षा दोन्ही खेळाडूंना, किंवा आसपासच्या चार बोर्डांवरच्या सगळ्यांना तपासा. संशयिताची बदनामी टळते आणि ‘मलाच का’ हा वाद उरत नाही. झडतीला नकार आला तर अंगाला हात लावायचा नाही. नकाराचे परिणाम शांतपणे सांगा, साक्षीदारासमोर पुन्हा एकदा विचारा, नोंद करा, आणि कलम १२.९ मधल्या शिक्षांपैकी योग्य ती द्या. त्यात ताकीद आहे, वेळ कमी करणं आहे, डाव हरलेला ठरवणं आहे आणि स्पर्धेतून काढणंही आहे.

जॅमर लावू का, असं आयोजक हमखास विचारतात. लावू नका. भारतात खासगी संस्थेला मोबाईल जॅमर वापरायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिवाय फोनमध्ये आधीच बसवलेल्या इंजिनला नेटवर्क लागतच नाही, म्हणजे कायदा मोडूनही स्वच्छतागृहातला फोन चालूच राहणार.

फोन सापडला, आता?

खेळाडू, दोन आर्बिटर आणि शक्य असल्यास त्याचा पालक एवढेच जण एका खोलीत. फोन कोणाचा हे त्याला विचारा. स्क्रीन उघडायला सांगा, पण स्वतः त्याच्या हातून हिसकावून उघडू नका. त्याने उघडला नाही तर ‘उघडण्यास नकार दिला’ एवढं लिहा. फोन चालू होता की बंद, कुठलं अ‍ॅप समोर होतं, पटावरची स्थिती आणि अ‍ॅपमधली स्थिती जुळते का, हे फोटोसह नोंदवा. त्या क्षणाची डावातली चाल, दोघांची घड्याळं आणि भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहा. दोन्ही स्कोअरशीट ताब्यात घ्या. खेळाडूचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, त्याला येणाऱ्या भाषेत लिहून त्याची सही घ्या. सही देत नसेल तर तसं लिहा. फोन जप्त करून ठेवायचा अधिकार आर्बिटरला आहे असं समजू नका, नोंद झाली की परत द्या.

डावाचा निकाल लगेच लागतो. फसवणूक झाली का, हा निकाल हॉलमध्ये द्यायचा नाही. माइकवरून नाव पुकारून घोषणा तर अजिबात नको. मुख्य आर्बिटरचा अहवाल वर जातो आणि पुढचं काम तिथलं.

घरी गेल्यावर: डाव इंजिनला लावणं

सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात, म्हणून थोडं थांबून पाहू.

समोरच्याचा डाव स्टॉकफिश या इंजिनला लावला, ‘९६ टक्के अचूक’ असं आलं, की काम झालं असं वाटतं. झालं काहीच नाही. वेबसाइटवरची अचूकता डावाच्या स्वरूपावर अवलंबून असते. तुम्ही १५ व्या चालीला उंट फुकट दिला असेल तर पुढे कोणीही बऱ्यापैकी खेळला तरी ९५ च्या वर जाईल. पाठ केलेल्या ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) १४ चाली, एकमेव शक्य चाली, परत मारणं, हे सगळं त्या टक्केवारीत मिसळलेलं असतं.

निदान प्राथमिक तपासणी तरी रीतसर करा. बफेलो विद्यापीठातले केनेथ रीगन, ज्यांची पद्धत फिडेने वापरली आहे, ते पहिल्या ८ चाली सोडून ९ व्या चालीपासून मोजतात आणि एका बाजूला सुमारे ३ प्याद्यांपेक्षा जास्त फायदा असलेल्या स्थिती वगळतात. तेवढं तुम्हीही करू शकता. ओपनिंग डेटाबेसमध्ये लावून पाहा, नवी चाल जिथे सुरू होते तिथून मोजा. पुनरावृत्तीच्या आणि एकच अर्थपूर्ण चाल असलेल्या स्थिती काढून टाका. इंजिनला तीन-चार पर्यायी चाली दाखवायला सांगा, सगळ्या स्थितींना एकच खोली (इंजिन किती चाली पुढचं पाहतं ते माप) ठेवा, निदान २०. पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायात ०.०५ प्याद्याचाच फरक असेल तर त्या स्थितीतून काही सिद्ध होत नाही.

आता उरतात किती? एका डावात २५ स्थिती धरा. त्या पातळीचा खेळाडू निम्म्या वेळा इंजिनची पहिली चाल खेळतो असं गृहीत धरलं, तर २५ स्थितींत नुसत्या योगायोगाने होणारं प्रमाण विचलन (सरासरीपासूनच्या नेहमीच्या चढउताराचं माप) १० टक्क्यांचं असतं. म्हणजे ७० टक्के जुळणी आली तर ती दोन विचलनांवर आहे. दोन विचलनांच्या वर जाण्याची शक्यता साधारण ४४ मध्ये एक. ऐकायला भारी वाटतं, पण ५०० खेळाडूंच्या स्पर्धेत कोणीही लबाडी न करता ११ जण तिथे पोचतील. आणि तुम्ही डाव तपासायला घेतलात तोच मुळी हरल्यावर, समोरचा उत्तम खेळला म्हणून. निवडच एकांगी झाली.

पूर्ण ९ फेऱ्या घेतल्या आणि २०० स्थिती मिळाल्या तर विचलन साडेतीन टक्क्यांवर येतं. तीन विचलनं म्हणजे ७४० मध्ये एक, चार म्हणजे ३१ हजारांत एक, पाच म्हणजे ३५ लाखांत एक. फक्त आकड्यांवर कोणाला दोषी म्हणायचं असेल तर या शेवटच्या टोकाकडे जावं लागतं. जोडीला प्रत्यक्ष पुरावा असेल तर कमी आकडाही आधार म्हणून चालतो.

स्वतःला फसवायचं नसेल तर एक उपाय आहे. हीच पद्धत, हीच खोली, हेच निकष लावून त्याच स्पर्धेतल्या त्याच रेटिंगच्या (खेळाची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या) आणखी पाच खेळाडूंचे डाव तपासा आणि स्वतःचे सर्वोत्तम डावही तपासा. आपलेच काही डाव ‘संशयास्पद’ निघतात, आणि मग तक्रारीचा सूर बराच खाली येतो.

उलट बाजूनेही ही मोजणी फसते. हुशार लबाड सगळ्या चाली इंजिनच्या खेळत नाही. मजबूत खेळाडूला डावात एकदा-दोनदा ‘इथे काहीतरी आहे’ एवढी खूण मिळाली तरी पुरते, आणि ती टक्केवारीत दिसतच नाही. म्हणून आकडा कमी आला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पुन्हा दारावरच्या नोंदवहीकडेच यावं लागतं.

रेटिंगची उडी पाहताना

‘सहा महिन्यांत तीनशे पॉइंट वाढले, कसं शक्य आहे?’ शक्य आहे. १८ वर्षांखालच्या आणि २३०० च्या खालच्या खेळाडूला के-फॅक्टर, म्हणजे जास्त मिळालेल्या गुणांना रेटिंगसाठी गुणायचा आकडा, ४० असतो. एका स्पर्धेत अपेक्षेपेक्षा ३ गुण जास्त मिळाले की १२० पॉइंट वाढतात. त्यात १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वाढवलं: २००० मधून रेटिंग वजा करून जे उरेल त्याच्या ४० टक्के. १३०० चा खेळाडू एका दिवसात १५८० झाला. त्या महिन्याची उडी पाहून बोटं दाखवू नका. पुणे, नागपूर, नाशिककडे रोज चार तास क्लासला बसणारी मुलं रेटिंगच्या पुढे पळत असतात, आणि त्यांच्याशी हरणारे प्रौढ खेळाडू हे संशयाचं सगळ्यात मोठं उगमस्थान आहे.

तक्रार कशी लिहायची

कलम ११.२ किंवा ११.३ च्या भंगाबद्दल बोलत असाल तर आर्बिटर नेहमीसारखी चौकशी करतो. फसवणूक असाच तुमचा दावा असेल तर मुख्य आर्बिटर तुम्हाला तक्रार अर्ज भरायला सांगतो, त्यात कारणं द्यावी लागतात आणि सही करावी लागते. निनावी चिठ्ठी चालत नाही. अहवाल स्पर्धेनंतर फिडेकडे आणि तिथून फसवणुकीची चौकशी करणाऱ्या फेअर प्ले आयोगाकडे जातो. चौकशी पूर्ण होईपर्यंत सगळं गोपनीय ठेवायचं असतं. तक्रार उघडच निराधार निघाली तर तक्रारदाराला ताकीद मिळू शकते आणि त्याचं नाव ताकिदीच्या यादीत जातं. सहा महिन्यांत दुसरी ताकीद आली तर तीन महिन्यांचं निलंबन.

अर्जात लिहा: स्पर्धा, तारीख, फेरी, बोर्ड, दोघांचे फिडे क्रमांक, तुम्ही स्वतः पाहिलेलं, वेळेसह, दुसऱ्याने पाहिलेलं असेल तर त्याचं नाव आणि त्याची वेगळी सही, आर्बिटरला केव्हा सांगितलं आणि त्याने काय केलं, डावाची नोंद आणि स्कोअरशीटची प्रत. विश्लेषण जोडायचंच असेल तर इंजिनची आवृत्ती, खोली आणि वगळलेल्या स्थिती लिहा. ‘सगळ्यांना माहीत आहे’, ‘त्याचे वडीलही तसेच’ अशी वाक्यं काढून टाका. एक पान पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही टाकू नका, नाव न घेता सूचक इमोजीसुद्धा नको. सप्टेंबर २०२२ मध्ये सेंट लुईसच्या सिंकफील्ड चषकात हान्स नीमनकडून हरल्यावर तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनने माघार घेतली आणि एक सूचक ट्वीट केलं, पुढे उघड आरोपही केला. त्यातून १० कोटी डॉलरचा दावा उभा राहिला. तो न्यायालयाने फेटाळला, ऑगस्ट २०२३ मध्ये तडजोड झाली, आणि योग्य कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल फिडेने कार्लसनला १० हजार युरो दंड केला. पटावर नीमनने लबाडी केल्याचा पुरावा शेवटपर्यंत पुढे आला नाही. जगज्जेत्याच्या मागे वकील होते. तालुक्याच्या ग्रुपवर आपल्या मागे कोण असतं?

आरोप तुमच्यावर किंवा तुमच्या मुलावर झाला तर

झडतीला लगेच होकार द्या, पण एकांतात आणि साक्षीदारासह. त्यात गेलेली मिनिटं घड्याळात परत मिळावीत अशी विनंती करा. डाव पुढे खेळा. डाव संपल्यावर तक्रार लेखी आहे का ते विचारा. नसेल तर आर्बिटरला झडतीची आणि काही न सापडल्याची नोंद अहवालात करायला सांगा. पुढच्या फेऱ्यांना घड्याळ, स्मार्ट बँड, चार्जर, इअरबड काहीही न घेता जा, रिकाम्या खिशाने. श्रवणयंत्र, इन्सुलिन पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर लागत असेल तर वैद्यकीय कागद पहिल्या फेरीआधीच मुख्य आर्बिटरला दाखवून परवानगी घ्या. मध्येच सापडल्यावर समजावत बसणं फार त्रासाचं होतं. मुलाचे सरावाचे डाव, क्लासच्या वह्या जपून ठेवा; वाढ कशी झाली ते त्यातून दिसतं.

पुढच्या स्पर्धेआधी आयोजकांनी

माहितीपत्रकातच फोनचा नियम, झडतीची शक्यता आणि शिक्षा छापा, कारण नंतर काढलेला नियम टिकत नाही. फोन जमा करायचं टेबल हॉलच्या दाराबाहेर ठेवा: क्रमांकाचं टोकन, चेनची पिशवी, फोन बंद असल्याची तिथेच खात्री. दोनशे खेळाडूंना एक टेबल पुरत नाही. रांग लांबते, फेरीला उशीर होतो, आणि तिसऱ्या फेरीपासून ‘जाऊ दे आत’ सुरू होतं. पन्नास जणांमागे एक माणूस ठेवला तर काम पंधरा मिनिटांत होतं. खेळाडूंसाठी वेगळं स्वच्छतागृह राखून ठेवा, पालकांचं दुसरं. प्रत्येक फेरीआधी आणि दोन तासांनी ते तपासून दारावरच्या कागदावर वेळ आणि सही करा. डबे झाकणाचे नकोत, उघडे ठेवा.

डाव थेट दाखवत असाल तर प्रक्षेपण निदान १५ मिनिटं उशिरा ठेवा. नीमन प्रकरणानंतर सेंट लुईसला दुसऱ्याच दिवशी हाच उपाय केला गेला. बाहेर बसलेल्या साथीदाराला स्थिती ताजी मिळाली नाही तर त्याची चाल शिळी होते. डाव संपलेले खेळाडू नियमाने प्रेक्षक ठरतात, त्यांना बोर्डांच्या रांगेतून बाहेर काढा. चहाची किटली हॉलच्या आत नको. आणि दारावरची ये-जा नोंदवही पहिल्या फेरीपासून ठेवा. संशय आल्यावर सुरू केलेल्या वहीत आधीच्या पाच फेऱ्या कोऱ्या असतात.